बाबांच्या कानात माझा फोन

आमच्या मंडळाच्या ग्रुपवर रोज सकाळी सव्वासातच्या सुमारास माझा मेसेज पडायचा. सुप्रभातच्या फुलापानांमध्ये माझा एक परिच्छेद असे: आज बाजारात नवीन काय आलं आणि त्यावर माझी मल्लिनाथी. मागे चार कॅमेऱ्यांचा फोन आला तेव्हा मी लिहिलं होतं, "मागे चार डोळे, पुढे एक. आमच्या सगळ्या बिल्डिंगला मिळून गेटवर एकच कॅमेरा आहे आणि त्याचं तोंड दोन वर्षं आंब्याच्या झाडाकडे आहे." घडी होणाऱ्या फोनबद्दल लिहिलं, "घडी घालायची वस्तू म्हणजे सतरंजी. तिला घडी पडली तर कोणी वॉरंटी विचारत नाही." दर तासाला 'उठा, चाला' असं बजावणाऱ्या घड्याळावर लिहिलं, "एवढ्यासाठी खर्च कशाला? लग्न करा." त्या दिवशी बायकोने डब्यात नुसती चपाती दिली होती.

लोक हसायचे. मग कामाचे प्रश्न यायचे. कुणाला मुलीसाठी टॅब हवा असे, कुणाचा फोन तापत असे, कुणाचा टीव्ही वायफाय पकडत नसे. मी सगळ्यांना उत्तरं द्यायचो, आणि ठामपणे द्यायचो. माझं शिक्षण म्हणाल तर कॉमर्सचं, तेही रडतखडत. काशीगावच्या बाजूला हायवेलगत एक मोठं गोदाम आहे, तिथे मी माल चढवण्या-उतरवण्याच्या नोंदी ठेवतो. नवीन फोनची खोकी दुकानात पोचायच्या आधी माझ्या हाताखालून जातात. पण खोकं उघडायची परवानगी नाही. आत काय आहे ते बघायला मी फोनवर व्हिडिओ लावतो. एक तरुण खोकं उघडून वस्तूची बारीकसारीक माहिती सांगतो, त्याचाच चॅनल. सकाळच्या चहाला तो आमच्या घरात बोलत असायचाच. बायको म्हणायची, याला एक कप जास्त टाकू का?

हे सगळं आधी सांगतोय, कारण माझ्या या शहाणपणापायी बाबांच्या हातून विहारातली वंदना गेली. चूक माझी होती, आणि ती मी कित्येक महिने कुणाला सांगितली नाही.

बाबा कोकणातून विशीत इकडे आले आणि भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात लागले. आधी प्रेसवर, मग बफिंगवर. फिरत्या चाकावर ताट धरायचं आणि त्यात तोंड दिसेपर्यंत धरून ठेवायचं, हे त्यांनी तीस वर्षं केलं. आमच्या घरातल्या प्रत्येक वाटीला एवढी चकाकी आहे की पाहुण्यांना पोहे खाताना स्वतःचं नाक दिसतं. पण त्या चाकांनी आणि प्रेसच्या दणक्यांनी बाबांचे कान हळूहळू खाल्ले. कारखाना सुटला तेव्हा उजव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं आणि डावा निम्माशिम्मा उरला होता.

बाबांचं दुसरं आयुष्य मात्र रविवारचं. नवघरला आमच्या मंडळाचा छोटासा विहार आहे, वर पत्रे आणि खाली फरशी. तिथे दर रविवारी आणि पौर्णिमेला बाबा वंदना घ्यायचे. लग्न, बारसं, गृहप्रवेश, कुणी गेल्यानंतरचं जलदान, लोकांच्या घरी काहीही असलं तरी बोलावणं बाबांना. पांढरा सदरा, पांढरा लेंगा घालायचे आणि निघायच्या आधी आरशात बघून गळा साफ करायचे. वंदनेत पुढे उभा असलेला माणूस एक ओळ म्हणतो आणि बाकीचे ती त्याच्यामागून म्हणतात. त्रिशरण झालं की पंचशील येतं, पाच शीलं, एकेक करून. बाबांचा आवाज भरदार होता. कारखान्यात मुकादमाच्या हाताखाली ज्या माणसाने कधी वर तोंड करून बघितलं नाही, तो तिथे उभा राहिला की शंभर माणसं त्याच्यामागून बोलायची.

पण मागून म्हणतात ते ऐकू आलं पाहिजे. ते येईनासं झालं तसे बाबा अंदाजाने चालायला लागले. लोकांची ओळ संपायच्या आत त्यांची पुढची सुरू व्हायची. पोरंटोरं खुसखुसायची. मग एकदा आमच्या अध्यक्षांनी, ते निवृत्त पोस्टमन आहेत, मला बाजूला घेऊन सांगितलं, "काकांना एकदा कानाच्या डॉक्टरकडे दाखव. त्यांच्याशिवाय आपलं चालत नाही. मशीन लावलं की टेन्शन मिटेल."

मी बाबांना मीरा रोडला घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका बंद खोलीत बसवून तासभर तपासलं आणि एका कागदावर दोन उतरत्या रेघा काढून दाखवल्या. म्हणाल्या, दोन्ही कानांना मशीन लागेल, ते बाबांच्या कानाप्रमाणे बसवून द्यावं लागेल, दोन-तीनदा यावं लागेल. बाबा मान डोलवत होते. त्यांना त्या बाई आवडल्या होत्या. त्या समोर बसून, ओठ दिसतील असं, सावकाश बोलत होत्या.

रिक्षात बसल्या बसल्या मी बाबांना सांगितलं, "ही मशीनची जुनी पद्धत झाली. आता नवीन इअरबड्स आलेत, त्यात आजूबाजूचा आवाज मोठा करायची सोय आहे. मी कालच त्याचा व्हिडिओ बघितलाय. कशाला ते कानामागे तपकिरी शेंगदाणा लावून फिरायचं?"

बाबांनी निम्मं ऐकलं असावं. ते म्हणाले, "बाई म्हणतात ते घेऊया ना?"

"बाईंना विकायचंय म्हणून त्या म्हणतात," मी म्हणालो.

ज्या बाईंनी तासभर त्या माणसाशी धीराने बोलून त्याचे कान तपासले, त्यांच्याबद्दल मी हे म्हणालो. आणि बाबांनी माझं ऐकलं. आपला मुलगा यातला जाणकार आहे, असं तेही ग्रुपवरच्या लोकांकडून ऐकत आले होते.

खरं सांगायचं तर माझ्या मनात खर्च होताच, पण त्याहून जास्त हौस होती. मला ते बड्स कुणाच्या तरी कानात घालून बघायचे होते. ते आले त्या दिवशी मी ग्रुपवर फोटोही टाकला: पांढऱ्या केसांचे बाबा, कानात पांढरे बड्स. खाली लिहिलं, "आमच्या घरचं नवीन मॉडेल." तीस-चाळीस लोकांनी अंगठे दाखवले.

बाबांचा फोन बटणांचा. त्यामुळे बड्स मी माझ्या फोनला जोडले, आवाजाची मांडणी माझ्या फोनवरून केली आणि बाबांना कानात घालायला शिकवलं. आणि चमत्कार झाला, हेही खरं. कुकरची शिट्टी ऐकून बाबा दचकले. लिफ्टचं दार उघडं राहिलं की आतली रेकॉर्डवरची बाई बडबडते, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. सकाळी चहाला मी बड्सची जोडणी तोडून व्हिडिओ लावला तर म्हणाले, "हाच काय तुझा मास्तर? फार घाईत बोलतो." रविवारी विहारातून परत आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, "लोक मागून म्हणतात ते किती वर्षांनी ऐकलं रे. बायकांचा आवाज वेगळा येतो, पुरुषांचा वेगळा." त्यांचे डोळे भरले होते. मी जिंकल्यासारखं बायकोकडे बघितलं.

असे सहा-सात आठवडे गेले. विहारात कुणीकुणी चेष्टा करायचे, "काका, गाणी ऐकताय वाटतं?" बाबा हसून सोडून द्यायचे.

मग बाबांचा कारखान्यातला मित्र गेला. दोघं एकाच प्रेसवर होते, दोघंही बहिरे झाले. पेणकरपाड्याला त्यांचं घर. बाबा त्यांच्याकडे गेले की दोघं एकमेकांवर ओरडल्यासारखे गप्पा मारायचे आणि खालच्या मजल्यावरच्या लोकांना वाटायचं, भांडण लागलं. त्या माणसाच्या बायकोला बाबा वहिनी म्हणत. आम्ही लहान असताना तिच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या आमच्या घरी यायच्या.

जलदान विधी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये होता. गाड्या बाहेर काढून सतरंज्या अंथरल्या होत्या. समोर बुद्धाची मूर्ती, तिच्या बाजूला त्यांचा फोटो, हार, मेणबत्त्या. वहिनी पहिल्या ओळीत पांढऱ्या साडीत बसलेली. बाबा मूर्तीच्या बाजूला उभे राहिले. सुरुवात करायच्या आधी त्यांनी त्या फोटोकडे बघून गळा साफ केला.

मी बाहेर गेटजवळ उभा होतो. आत जागा नव्हती असं मी नंतर स्वतःला सांगितलं. जागा होती. त्याच दिवशी, त्याच वेळेला एक नवीन फोन बाजारात येत होता, ज्याची मी महिनाभर ग्रुपवर जाहिरात केल्यासारखी चर्चा चालवली होती. संध्याकाळी त्यावर लिहीन असं लोकांना सांगून बसलो होतो. आत त्रिशरण सुरू झालं, मी हात जोडले, आणि ते संपताच जोडलेले हात सोडवून खिशातला फोन काढला. आवाज अगदी बारीक ठेवून दोन मिनिटं बघू म्हटलं.

त्या तरुणाचा व्हिडिओ लागला. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मी एक काडी वाढवला. नाही आला. अजून वाढवला. मला वाटलं, स्पीकर गेला की काय. शेवटी मी बटण दाबून धरलं आणि आवाज पार वरच्या टोकाला नेला.

आत बाबांनी तिसरं शील म्हटलं. लोकांनी ते मागून म्हटलं. आणि मग काहीच आलं नाही.

मी मान वर केली. बाबा मूर्तीजवळ तसेच उभे होते. त्यांचा एक हात कानाकडे गेला होता आणि ते डोळे मिटून चेहरा आवळून उभे होते, डोक्यावर कोणी मारावं तसे. मग त्यांनी घाईघाईने पुढची ओळ म्हटली. ती पाचव्या शीलाची होती. चौथं, खोटं न बोलण्याचं, राहून गेलं.

आमच्यात पंचशील दुधाच्या दातांच्या पोरांनाही पाठ असतं. सगळे थांबले. बायकांच्या बाजूने कोणीतरी हळूच म्हणालं, "मुसावादा राहिलं." बाबांना ते ऐकू आलं नाही. ते लोकांच्या बंद तोंडांकडे बघत होते, आणि लोक त्यांच्याकडे. वहिनीने पदर तोंडाला लावला.

तेव्हा माझी नजर फोनच्या वरच्या पट्टीवर गेली. तिथे इअरबड्सचं बारीक चिन्ह दिसत होतं. एकदा जोडलेले बड्स फोन जवळ आला की आपोआप जोडले जातात, हे मीच ग्रुपवर लोकांना तीनदा समजावलं होतं. मी फोन बंद केला. तो खिशात टाकला आणि आत बघितलं.

आत मंडळातली एक तरुण बाई उठली. ती बँकेत नोकरीला आहे आणि तिचं पाठांतर स्वच्छ आहे. तिने बाबांच्या बाजूला जाऊन चौथं शील धरलं, पाचवं घेतलं आणि पुढचं सगळं पार पाडलं. बाबांनी कानातले बड्स काढून मुठीत धरले आणि पूर्ण वेळ ते तिच्यामागून म्हणत राहिले.

घरी परतताना रिक्षात मी म्हणालो, "बाबा, ते मशीन मध्येच बिघडलं वाटतं. कधीकधी हँग होतं."

त्यांना ऐकू गेलं नाही म्हणून मी परत, मोठ्याने सांगितलं. म्हणजे ते खोटं मला दोनदा बोलावं लागलं.

"असेल," बाबा म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी बड्स डबीत घातले आणि डबी माझ्या हातात दिली. "तुझं तुला राहू दे."

आणि त्या संध्याकाळी मी काय केलं? ग्रुपवर त्या नवीन फोनबद्दल लिहिलं. लोक वाट बघत असतील म्हणून. मजकूर नेहमीसारखाच चुरचुरीत होता. 'दोन दिवस बॅटरी चालते म्हणे, आमचं तर लग्नाचं वऱ्हाडसुद्धा दोन दिवस टिकत नाही,' असलं काहीतरी. लोक हसले. मी ती हसरी तोंडं मोजत बसलो होतो, आणि बाबा चप्पल घालून एकटेच कुठेतरी जाऊन आले. कुठे गेले होते ते मी विचारलं नाही.

पुढच्या रविवारपासून वंदना ती बँकेतली बाई घ्यायला लागली. मंडळाने बाबांना बाजूला केलं असं मी धरून चाललो. मनात मंडळावर रागसुद्धा केला, हे लिहितानाही लाज वाटते. बाबा दर रविवारी तसाच पांढरा सदरा घालून जायचे आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत बसायचे.

महिन्याभरात बड्सचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. काका विसरायला लागले, एवढंच राहिलं. लोक वाईट नव्हते. उलट त्यांना फारच दया आली. वाणी बाबांच्या हातात सामानाची यादी लिहून द्यायला लागला. विहारात कोणीतरी त्यांच्या चपला उचलून पायापाशी ठेवायचं. ओळखीचे लोक समोर येऊन विचारायचे, "मला ओळखलंत का?" ज्या माणसाला प्रत्येक घरातल्या लग्नाची तारीख पाठ, त्याला हे विचारायचे. बाबा म्हणायचे, "ओळखलं ना." आणि मला ते बघवत नव्हतं, पण तोंडही उघडत नव्हतं. आज सांगू, पौर्णिमेनंतर सांगू, असं करता करता मी पुढे ढकलत राहिलो. मधल्या काळात मी तोच फोन विकत घेतला. गोदामातून त्याची खोकी रोज जात होती, मोह आवरला नाही.

शेवटी मला हलवलं ते नवघरच्या एका जुन्या गाववाल्याने. त्यांच्या चाळीत आम्ही पूर्वी भाड्याने राहायचो. त्यांच्या घरची मिठागरं होती, आता एक हार्डवेअरचं दुकान आहे. मी स्क्रू घ्यायला गेलो तर त्यांनी मला गल्ल्यावरूनच हाक मारली.

"काय रं, तुजा बापूस बरा हाय ना? लोका बोलतान, त्याला आता आठवत न्हाय म्हनून."

"नाही, तसं काही नाही," मी म्हणालो.

"मंग? काल माज्यासंगती बसला व्हता. मिठागरावरच्या कामगारांची नावां त्याला माज्याहून जास्त ठावं हायेत. मी लोकांना बोललो, तुमचाच डोका फिरलाय. पन तू घरचा मानूस, तू का न्हाय बोलत?"

मी स्क्रू न घेताच परत आलो.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून बाबांना त्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी परत तपासलं. उजव्या कानाची रेघ आधीपेक्षा खाली गेली होती. त्या मला ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आधी आला असतात तर शब्द जास्त नीट उमगले असते. आता सवय व्हायला वेळ लागेल." दोन-तीन खेपांनी दोन्ही कानांमागे तपकिरी शेंगदाणे बसवून झाल्यावर बाबांनी त्यांना हात जोडले.

मग मी अध्यक्षांच्या घरी गेलो. बाबांना आधी सांगायचं धाडस नव्हतं, त्रयस्थाला सांगणं सोपं वाटलं. मी सगळं सांगितलं. गेटजवळचा व्हिडिओ, आवाज कसा वाढवला, रिक्षात काय बोललो. आणि शेवटी म्हणालो, "तुम्ही त्यांना काढलंत, पण चूक त्यांची नव्हती."

"आम्ही?" अध्यक्ष म्हणाले. "आम्ही कुठे काढलं? त्याच संध्याकाळी काका स्वतः इथे आले होते. जिथे तू बसलायस तिथेच बसले. म्हणाले, वय झालं, डोकं साथ देत नाही, दुसरं कोणी बघा. मी दहा वेळा नाही म्हटलं."

 त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या सरकवला.

"इतके महिने काय करत होतास तू?" त्यांनी विचारलं. मी मेसेज लिहीत होतो, आणि ते त्यांनाही माहीत होतं.

घरी येऊन मी ग्रुप उघडला आणि जे झालं ते लिहायला घेतलं. या नवीन फोनमध्ये आपण लिहिलेलं सुधारून द्यायची सोय आहे. तिचं मी मोठं कौतुक केलं होतं. 'माझ्या चुकीमुळे बाबांची वंदना गेली' असं लिहिलं, तर फोनने सुचवलं, 'काही तांत्रिक कारणामुळे'. मी ते पुसलं आणि माझं वाक्य तसंच ठेवून पाठवून दिलं.

 मग एकाने हात जोडले. एकाने लिहिलं, 'काकांची माफी आपण सगळ्यांनीच मागायला हवी.' आणि एकाने, त्याचं भलं होवो, विचारलं, 'पण मग तो फोन घ्यावा का?' त्याला आजवर मीच लावलेली सवय होती.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला अध्यक्ष आणि ती बँकेतली बाई आमच्या घरी आले. बाबा गॅलरीत बसले होते. अध्यक्षांनी सगळं कळल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "काका, रविवारपासून तुम्हीच घ्या. मी तर तुमच्या जागी उभी होते नुसती."

बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग तिला म्हणाले, "नको गं. तू छान घेतेस. मला आता सगळं ऐकू येतं, तर मागे बसून म्हणायला बरं वाटतं." तिने फार आग्रह केला. अध्यक्षांनीही केला. बाबा हसत नाही म्हणत राहिले. आणि ते मानापमानातून बोलत नव्हते, हे मला दिसत होतं. त्यांचं खरंच तिथून मन उठलं होतं. मला वाटलं होतं, मी खरं बोललो की गेलेलं परत येईल. इतका मी भाबडा होतो, नाहीतर इतका स्वार्थी.

ते गेल्यावर मी बाबांच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो. खाली रस्त्यावर भाजीवाल्यांच्या गाड्या लागत होत्या.

"कशाला सांगितलंस?" बाबा म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"रोज सकाळी चहाला तो माणूस आपल्या घरात बोलतो. तोच माझ्या कानात ओरडला, तर आवाज ओळखणार नाही होय?"

"मग तुम्ही खोटं का सांगितलंत? डोकं साथ देत नाही म्हणून?"

"वय झालं म्हणालो. ते झालंच की." बाबांनी कानामागच्या मशीनला बोट लावून बघितलं, नीट बसलंय का म्हणून. मग म्हणाले, "वहिनी समोर बसली होती. तिच्या नवऱ्याच्या जलदानाला माझा मुलगा बाहेर उभा राहून फोन बघत होता, हे तिला सांगायचं होतं का मी?"

मी मान खाली घातली. रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, तसा त्यांचा स्वभाव नाही. ते खाली भाजीवाल्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडे मान केली.

"तो हाच ना? दोन दिवस बॅटरी चालते म्हणून सांगत होता तो?"

"हो."

"चालते?"

"नाही, बाबा. एक दिवस पण नाही."

"मग जा, चार्जिंगला लाव," बाबा म्हणाले. "सकाळी तुला लागेल."